दोन बसमधलं अंतर

९ मे २०२५ या एकाच दिवशी मुंबईत दोन गोष्टी झाल्या. मेट्रो ३ च्या वांद्रे-कुर्ला संकुल ते आचार्य अत्रे चौक या टप्प्याचं उद्घाटन झालं. आणि त्याच दिवसापासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, एसी बसचं सहाचं बारा. योगायोग असा की या शहरातली घोड्यांची पहिली ट्राम धावली तीही ९ मे रोजीच, १८७४ साली. दीडशे वर्षांच्या अंतराने तीच तारीख आली तेव्हा एकीकडे भुयारातून नवी गाडी निघाली होती आणि दुसरीकडे रस्त्यावरची जुनी गाडी महाग झाली होती.

मेट्रो नको असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. भुयारी मेट्रोने जाताना वाचणारा वेळ खरा आहे. पण बसबद्दल बोलायला लागलं की दर वेळी तीन वाक्यं ऐकू येतात: ‘बेस्ट तोट्यात आहे’, ‘आता मेट्रो आली की बस कशाला लागणार’ आणि ‘लोकच बसने जात नाहीत’. तिन्ही वाक्यं ऐकायला सरळ वाटतात, आणि तिन्हींच्या आत हिशेबाची एकेक गाठ आहे. ती सोडवली की बससाठी भांडणारी माणसं नेमकं काय मागतात ते कळतं.

बस कमी होतात म्हणजे काय होतं

सुरुवात एका मार्गापासून करू. समजा, तुमच्या वस्तीतून स्टेशनला जाणारा एक मार्ग आहे. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास, आणि दोन्ही टोकांना चौकीवर नोंद करणं, पाणी पिणं, पाय मोकळे करणं यात मिळून वीस. म्हणजे एका बसची पूर्ण फेरी १२० मिनिटांची. या मार्गावर १२ बस सोडल्या, तर १२० भागिले १२, दर दहा मिनिटांनी एक बस. दहा मिनिटांनी येणाऱ्या बससाठी कोणी वेळापत्रक बघत नाही. माणूस घरातून निघतो, थांब्यावर उभा राहतो, बस येते.

आता यातल्या चार बस म्हाताऱ्या झाल्या, भंगारात गेल्या, आणि त्यांच्या जागी नव्या आल्या नाहीत. उरल्या आठ. १२० भागिले ८, म्हणजे पंधरा मिनिटं. त्याच वेळी रस्त्यात खोदकाम सुरू आहे, पत्रे लावून दोन मार्गिका अडवल्या आहेत, आणि फेरीला दोन तासांऐवजी अडीच तास लागतात. १५० भागिले ८, जवळजवळ एकोणीस मिनिटं. दहाचे एकोणीस झाले. यातला कुठलाही निर्णय ‘मार्ग बंद’ असा जाहीर झालेला नाही. थांब्यावरच्या पाटीवर मार्गाचा क्रमांक तसाच आहे, नकाशात रेघ तशीच आहे. कागदावर सेवा चालू आहे आणि प्रत्यक्षात ती निम्मी झाली आहे.

म्हणून बसबद्दल विचारायचा पहिला प्रश्न ‘आमच्याकडे बस आहे का’ हा नाही. ‘दोन बसमध्ये किती मिनिटांचं अंतर आहे’ हा आहे. बाकी सगळं, एसी आहे का, विजेवर चालते का, रंग कुठला, हे त्यानंतर.

आणखी एक गोष्ट सगळ्या मुंबईकरांनी पाहिलेली असते: अर्धा तास काही नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन बस पाठोपाठ. पुष्कळांना वाटतं, ड्रायव्हर मुद्दाम असं करतात. तसं नसतं. पुढची बस सिग्नलला किंवा कोंडीत तीन मिनिटं जास्त अडकली, की पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत बस आणखी उशिरा निघते, त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी जास्त माणसं. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, ती भराभर येते आणि पुढचीला गाठते. पुढची बस खचाखच, मागची अर्धी मोकळी. रस्त्यावर कोंडी जितकी जास्त आणि मार्गावर बस जितक्या कमी, तितकं हे दुखणं वाढतं. चौकीवरचा स्टार्टर बस वेळेवर सोडू शकतो, पण वाटेतली कोंडी त्याच्या हातात नसते.

बसच्या संख्येतही एक फसवणूक दडलेली असते. मोठी बारा मीटरची बस गेली आणि तिच्या जागी छोटी मिडी आली, तर आकडेवारीत एकाला एक. पण मिडीत जागा बऱ्याच कमी असतात. छोट्या गल्ल्यांतून स्टेशनला जोडणाऱ्या मार्गावर मिडी चांगली. लांबच्या, गर्दीच्या मार्गावर ती आणली की दोन थांब्यांत भरते आणि तिसऱ्या थांब्यावरची माणसं हात करत राहतात.

आता हे सगळं एका माणसाच्या अंगावर घालून बघा. समजा, गोवंडीत राहणारी एक बाई आहे, एका इस्पितळात आयाचं काम करते, सातची ड्युटी. बसला सरासरी किती वेळ लागतो हे तिच्या कामाचं नाही. सगळ्यात वाईट दिवशी किती लागतो, हे तिला धरून चालावं लागतं, कारण दोन-तीन लेटमार्क लागले की खाडा धरला जातो. दहा मिनिटांनी बस येत असेल तर ती सव्वासहाला निघते. वीस मिनिटांनी आणि तीही बेभरवशाची असेल तर पावणेसहाला. हा अर्धा तास तिच्या झोपेतून, मुलाच्या डब्यातून, सार्वजनिक नळाच्या पाण्याच्या वेळेतून जातो. आणि एखाद्या दिवशी ती कंटाळून शेअर रिक्षात बसते. तिकीट महाग झालं असेल तर आणखी लवकर बसते. तिच्यासारख्या पाचशे जणी रिक्षात गेल्या की मार्गाच्या तक्त्यात नोंद होते: प्रवासी घटले. मग प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी कमी. ‘लोकच बसने जात नाहीत’ हे वाक्य इथे तयार होतं.

ते उलटवता येतं, याचा पुरावा मुंबईतच आहे. ९ जुलै २०१९ रोजी बेस्टने किमान भाडं आठ रुपयांवरून पाचावर आणलं, आणि काही महिन्यांतच रोजचे प्रवासी लाखांनी वाढले. माणसं कुठे गेली नव्हती, ती रिक्षात होती, शेअर टॅक्सीत होती, पायी चालत होती. पण भाडं कमी करताना त्या वाढलेल्या माणसांना बसवायला बस वाढवायला हव्या होत्या, आणि तो दुसरा अर्धा भाग झाला नाही. एकेकाळी बेस्टकडे चार हजारांच्या बऱ्याच वर बस होत्या. २०२५ मध्ये स्वतःच्या आणि भाड्याच्या मिळून तीन हजारांच्या आत, आणि त्यात स्वतःच्या हजाराच्याही आत.

केंद्रीय नगरविकास खात्याने शहरांसाठी सेवेचे निकष ठरवलेले आहेत. त्यात सगळ्यात वरच्या पातळीसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे साठ, असा आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. गुणाकार करा, जवळजवळ साडेसात हजार बस होतात. मुंबईत लोकल आहे, तिच्यावर शहराचा केवढा तरी भार जातो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावायला नको, हे मी मान्य करतो. पण निम्म्याहूनही कमी?

‘तोटा’ हा शब्द

बेस्टची गोष्ट मुळात वेगळ्या पायावर उभी होती. १९०५ साली वीज आणि ट्राम एकाच कंपनीकडे आल्या, नावच बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. १९०७ मध्ये विजेची ट्राम, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, सगळा कारभार महापालिकेच्या ताब्यात आला. त्या दिवसापासून कुलाबा ते माहीम-शीव या बेटावरच्या शहराला वीज विकणारी आणि संपूर्ण मुंबईत बस चालवणारी संस्था एकच. विजेत पैसे राहायचे, त्यातून बसची तूट भरून निघायची. हे लपूनछपून नव्हतं, रचनाच तशी होती. म्हणूनच मुंबईला कित्येक दशकं चांगली बस परवडली.

मग २००३ चा वीज कायदा आला. वीजग्राहकाच्या बिलातून बसचा खर्च का काढायचा, हा प्रश्न आला, वाद कोर्टापर्यंत गेला, आणि शेवटी विजेच्या बिलातून बससाठी होणारी वसुली थांबली. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर त्या प्रश्नात तथ्य होतं. पण मग बसची तूट भरायची कोणी? जुना खांब काढला, त्या जागी नवा उभा केला नाही, आणि छप्पर खाली आलं तेव्हा सगळे म्हणाले, छप्परच कमकुवत होतं.

माझा आक्षेप ‘तोटा’ या शब्दालाच आहे. वरळी ते मरिन ड्राइव्हचा किनारी रस्ता महापालिकेने तेरा हजार कोटींहून जास्त खर्चून बांधला. त्यावर टोल नाही. तो रस्ता दर वर्षी किती तोट्यात आहे, असं कोणी विचारत नाही. रस्ता ही सेवा, दिवाबत्ती ही सेवा, पाण्याची लाईन ही सेवा, आणि बस तेवढी धंदा. हे नातं कुठे ठरलं? जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत बसच्या तिकिटातून चालवण्याचा पूर्ण खर्च निघत नाही, उरलेला करातून भरला जातो, आणि त्याला तोटा म्हणत नाहीत, खर्च म्हणतात.

लांब जायला नको, पुण्यात बघा. १९ ऑक्टोबर २००७ रोजी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली, आणि तिची संचलन तूट दोन्ही महापालिकांनी ६० आणि ४० टक्के अशी वाटून भरायची असं ठरलेलं आहे. पैसे वेळेवर मिळतात का यावर तिथेही दर वर्षी ओढाताण असते, बसची हालतही काही आदर्श नाही. पण तूट कोणाची, हा प्रश्न तिथे दर बैठकीत नव्याने सोडवावा लागत नाही. पुण्याच्या प्रवासी संघटना त्या ठरलेल्या वाट्यावर बोट ठेवून बोलू शकतात.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात बेस्टसाठी १,००० कोटी. शंभर रुपयांतले एक रुपया चौतीस पैसे.

घराला कर्ज मिळतं, किराण्याला मिळत नाही

मग मेट्रोला पैसा कुठून येतो? मेट्रो ३ ची लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानकं २७, खर्च सुमारे ३७ हजार कोटी, आणि त्यात मोठा वाटा जपानच्या जायका या संस्थेच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचा. म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटी. बारा मीटरची विजेवरची एसी बस एक ते दीड कोटींच्या घरात मिळते. मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात सातशेच्या वर बस.

हा हिशेब मांडला की टाळ्या पडतात, पण तो अर्धाच खरा आहे, म्हणून इथेच थांबणं बरं नाही. भुयार शंभर वर्षं टिकेल. बस बारा-पंधरा वर्षांत भंगारात जाते. बस विकत घेणं हा तिचा खरा खर्चच नाही. तिला रोज दोन पाळ्यांत ड्रायव्हर लागतात, कंडक्टर लागतात, डेपोतले मेकॅनिक लागतात, इंधन किंवा वीज लागते. हा खर्च दर महिन्याला येतो आणि कधी संपत नाही. घर बांधायला बँक कर्ज देते, महिन्याच्या किराण्याला देत नाही. मेट्रो हे घर आहे, बस हा किराणा. सरकारी हिशेबात पहिल्याला भांडवली खर्च म्हणतात, दुसऱ्याला महसुली. भांडवली खर्चाला कर्ज मिळतं, केंद्राचा वाटा मिळतो, त्याला ‘विकास’ म्हणता येतं, कोनशिला बसवता येते. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसची कोनशिला बसवता येत नाही.

म्हणून बस आणि मेट्रो एकमेकींच्या ताटातलं खातात असं नेहमी नसतं. त्यांची ताटंच वेगळी आहेत, आणि बसच्या ताटात वाढणारं कोणी नाही.

या अडचणीतून काढलेली वाट म्हणजे भाड्याच्या बस, ज्याला सगळे वेट लीज म्हणतात. बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. बेस्ट दर किलोमीटरला ठरलेले पैसे देते, आणि तिकिटाचे पैसे बेस्टकडे येतात. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. बेस्टचा वेगळा मांडला जाणारा ‘क’ अर्थसंकल्प महापालिकेच्या मुख्य ‘अ’ अर्थसंकल्पात विलीन करा, ही त्यातली मोठी मागणी होती. त्याच वर्षी पुढे झालेल्या करारात भाड्याच्या बस घ्यायला कामगार संघटनेने संमती दिली, आणि स्वतःच्या ३,३३७ बस कायम राखायचं ठरलं. भाड्याच्या बस आल्या. ३,३३७ राहिल्या नाहीत.

भाड्याच्या बसला एक फायदा आहे, तो प्रामाणिकपणे सांगायला हवा: हातात भांडवल नसताना नव्या एसी गाड्या पटकन रस्त्यावर आल्या. पण अडचण रचनेत आहे. कंत्राटदाराने सगळ्यात कमी दर भरून काम घेतलेलं असतं. इंधन महागलं, सुटे भाग महागले, की त्याच्याकडे कात्री लावायला दोनच जागा उरतात, ड्रायव्हरचा पगार आणि गाडीची निगा. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या बसवरच्या ड्रायव्हरांनी काम बंद केलं ते पगारासाठीच. आणि दर परवडेनासा झाला की कंत्राटदार गाड्या काढून घेतो. काही कंत्राटदार तसे गेलेही. स्वतःची बस एकदम नाहीशी होत नाही, भाड्याची होते, आणि त्या दिवशी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला कारण कळत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात ३३२ क्रमांकाच्या बसचा भीषण अपघात झाला. ती भाड्याची विजेवरची बस होती. मग ड्रायव्हरला नव्या प्रकारची गाडी चालवण्याचं प्रशिक्षण किती आणि कोण देतं, हा प्रश्न सगळ्या शहराने विचारला. तोवर तो फक्त कामगार आणि प्रवासी संघटना विचारत होत्या.

समांतर

मेट्रो सुरू झाली की वाहतुकीच्या कागदांत एक शब्द येतो: ‘समांतर मार्ग’. मेट्रोच्या वरून जाणारी बस कशाला, ती काढा आणि आडव्या, छोट्या, मेट्रोला जोडणाऱ्या मार्गावर लावा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि काही ठिकाणी ते शहाणपणाचं असतंही.

पण मोजून पाहा. मेट्रो ३ वर २७ स्थानकं म्हणजे मधली २६ अंतरं. ३३.५ भागिले २६, सरासरी १.३ किलोमीटरला एक स्थानक. बसचा थांबा तीनशे-चारशे मीटरला असतो. दोन स्थानकांच्या मधोमध राहणाऱ्या आजोबांना गुडघे घेऊन साडेसहाशे मीटर चालायचं, भुयारात उतरायचं, दोन स्थानकं जायचं आणि पुन्हा वर यायचं. त्यांचा पूर्ण प्रवासच अडीच किलोमीटरचा आहे: बाजार, बँक, दवाखाना. नकाशावर बस आणि मेट्रो समांतर दिसतात. त्यांच्या दिवसात त्या समांतर नाहीत, कारण बसने जाणारी बरीच माणसं लांब जातच नाहीत. लांब जाणाऱ्याला लोकल आणि मेट्रो सोपी पडते, जवळ जाणाऱ्याला बस.

आणि मेट्रोलाही बस हवी असते. स्थानकातून बाहेर पडलेला माणूस घरापर्यंत कसा जाणार? जोड बस असेल आणि ती पाच-सात मिनिटांत येत असेल, तर मेट्रो त्याच्या उपयोगाची. वीस मिनिटं थांबायचं असेल तर मेट्रोने वाचवलेला वेळ तो फुटपाथवर घालवतो, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर काढतो. मेट्रोचं एक तिकीट, बसचं दुसरं, रिक्षाचं तिसरं असं झालं की गरीब माणूस मेट्रोकडे फिरकतच नाही. म्हणून ‘एकाच तिकिटावर बदली’ ही मागणी मला फार मोलाची वाटते. तिच्याकडे म्हणावं तितकं लक्ष गेलेलं नाही.

डेपोंच्या जागांचाही एक मुद्दा आहे. बेस्टचे सत्तावीस डेपो शहराच्या महागड्या जमिनींवर आहेत. जागा विकसित करा, पैसे उभे करा, हा सल्ला वरचेवर दिला जातो. पण रात्री बस उभी कुठे करायची? डेपो लांब गेला की सकाळी पहिल्या थांब्यापर्यंत रिकामी बस दहा किलोमीटर धावते, आणि त्या रिकाम्या किलोमीटरचेही पैसे द्यावे लागतात. विजेच्या बसला तर चार्जिंगसाठी डेपोत आणखी जागा लागते. डेपो एकदा गेला की त्या भागात पुन्हा मिळत नाही.

वही, पेन, घड्याळ

मुंबईत ‘आमची मुंबई आमची बेस्ट’ हा नागरिकांचा मंच बरीच वर्षं या प्रश्नावर काम करतो आहे. प्रवासी, कामगार, विद्यार्थी, नगररचनेचे अभ्यासक असे वेगवेगळे लोक त्यात आहेत. अशा मंचांच्या मागण्या ऐकल्या तर त्या वर मांडलेल्या हिशेबातूनच निघतात: स्वतःच्या बस वाढवा, तूट महापालिकेने भरावी, भाडं परवडणारं ठेवा, भाड्याच्या बसवरच्या कामगारांना नीट पगार द्या, डेपो विकू नका, आणि मोठ्या रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका द्या. शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे. आठवा, फेरीचे १५० मिनिटं पुन्हा १२० झाले, तर आठ बसमध्येच अंतर एकोणीसवरून पंधरावर येतं. एकही बस विकत न घेता. लागतं ते फक्त रंगवलेल्या मार्गिकेत गाड्या घुसू न देण्याचं धैर्य.

तुम्हाला तुमच्या एकाच मार्गासाठी काही करायचं असेल, तर ‘बस वाढवा’ असं निवेदन देण्याआधी मोजा. त्याला काही लागत नाही. थांब्यावर एक तास उभं राहायचं, आणि तुमच्या क्रमांकाची बस आली की वेळ लिहायची, शेजारी तीन शब्दांत गर्दी: मोकळी, उभे, चढता आलं नाही. समजा, वहीचं पान असं झालं: ८.३४ चढता आलं नाही. ८.३६ मोकळी. ९.०५ चढता आलं नाही. ९.०८ मोकळी. तासाला चार बस, म्हणजे ‘दर पंधरा मिनिटांनी’ असं उत्तर कार्यालयातून मिळेल आणि ते खोटं नसेल. पण ८.३७ ला थांब्यावर पोचलेला माणूस एकतीस मिनिटं उभा राहिला, हेही त्याच पानावर आहे. एवढं पान घेऊन डेपो व्यवस्थापकाला भेटलात तर बोलणं वेगळं होतं. बस वाढवणं त्याच्या हातात नसेल, पण सुटण्याच्या वेळा सारख्या करणं, एक बस मधल्या थांब्यावरून सोडणं, हे पुष्कळदा असतं.

दुसरं साधन माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत. ‘सेवा खराब का आहे’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण ती माहिती नव्हे. असं विचारा: मार्ग क्रमांक अमुकवर २०१९, २०२२ आणि २०२५ च्या मार्च महिन्यात ठरलेल्या फेऱ्या किती, प्रत्यक्ष झालेल्या किती, रद्द झालेल्या किती आणि रद्द होण्याचं नोंदलेलं कारण काय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ठरलेल्या आणि झालेल्या फेऱ्यांमधला फरक हाच तुमचा मुद्दा. तो त्यांच्याच कागदावरचा असल्यामुळे नाकारता येत नाही.

तिसरी जागा निवडून आलेल्या माणसांची. बेस्ट समितीत मार्गांवर, भाड्यांवर, बस खरेदीवर उघड चर्चा व्हायची, वर्तमानपत्रांत छापून यायची. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात बस कमी झाल्या, पण त्यावर जाब विचारणारी समितीच नव्हती. नगरसेवकाकडे आपण गटार आणि पाण्यासाठी जातो, बससाठी जात नाही. जायला हवं. गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकसाठी निधी आणणाऱ्याला हे विचारायला हवं की आपल्या प्रभागातून जाणाऱ्या बसच्या फेऱ्या गेल्या वर्षी किती होत्या आणि आता किती आहेत.

आणि वेळ साधायला हवी. बेस्टचा अर्थसंकल्प साधारण ऑक्टोबरमध्ये मांडला जातो, महापालिकेचा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मार्चमध्ये दिलेलं निवेदन फाइलमध्ये जातं, कारण पैसे वाटून झालेले असतात. म्हणजे गणपती उठले की वही भरायला घ्यायची. एक सोमवार सकाळ, एक शुक्रवार संध्याकाळ, आणि एक रात्र, साडेदहा ते साडेअकरा, जेव्हा दुकानं बंद करून निघालेल्या मुली आणि दुसरी पाळी संपवून आलेले कामगार थांब्यावर उभे असतात आणि शेवटची बस गेली की यायची आहे, हे एकमेकांना विचारत असतात.